पायाचं काम वायरकडे

१२ जून १९९०

काल परळच्या हॉलमध्ये माझ्या धाकट्या भावाने, लवूने, लाज आणली. लग्नाचं रिसेप्शन होतं, चंदूचा ऑर्केस्ट्रा होता. गाणारी बाई विरहाचं गाणं म्हणत होती, अगदी हळू, आणि मधेच लवूच्या गिटारमधून करवतीत लाकूड घातल्यासारखा आवाज निघाला. जेवणारे लोक हात थांबवून बघायला लागले. लवूने खाली बघितलं, पाय उचलला, पुन्हा दाबला. मग गिटार विहिरीतून बोलल्यासारखी घुमायला लागली. योग्य आवाज सापडेपर्यंत कडवं संपलं होतं.

हे सगळं त्या डब्यामुळे. गिटारचा आवाज बदलणारा डबा, शाळेच्या जाड वहीएवढा. बोटीवर वाजवणाऱ्या एका मित्राकडून लवूने गेल्या वर्षी घेतला. आत आवाज साठवलेले असतात, प्रत्येकाला नंबर. पायाशी दोन बटणांची पट्टी असते. एक बटण दाबलं की पुढचा नंबर, दुसरं दाबलं की मागचा. हाताला वेळ नसतो म्हणून पायाने दाबायचं. एवढंच काम आणि ते त्याला जमत नाही.

चंदूने आज घरी येऊन माझ्यासमोरच सांगितलं, "लवू, गणपतीच्या सगळ्या सुपाऱ्या घेऊन बसलोय मी. तेव्हा असा पाय घसरला ना, तर मला दादरच्या त्या गिटारवाल्या पोराला उभं करावं लागेल. मग माझ्या नावाने बोटं मोडू नको."

लवू खाली मान घालून बसला. मी नंतर विचारलं, "घेतोस का?"

"आईची शपथ, थेंब नाही."

संप होऊन आठ वर्षं झाली. गिरणीने त्याला परत घेतलं नाही. चाळीतल्या इतरांनी भाजीच्या गाड्या लावल्या, वॉचमनच्या नोकऱ्या धरल्या, काही कोकणात गेले. याच्याकडे गिटार होती, म्हणून हा तगला. तीही गेली तर शेचाळिसाव्या वर्षी त्याला कोण उभं करणार आहे?

१५ जून

आज गॅलरीत त्याला पट्टीवर सराव करायला लावला. मी नंबर सांगायचा, त्याने दाबायचा. बघून दाबलं तर बरोबर. मान वर करायला सांगितलं की चूक. कधी दोनदा दाबतो, कधी बटणाच्या बाजूला पाय टेकवून उभा राहतो.

"बटण लागलं की नाही ते कळतच नाही गे बाय."

"कळत नाही म्हणजे काय? लक्ष कुठे असतं तुझं?"

"पायाखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं."

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान आणि गणित शिकवलं. प्रत्येक वर्गात अशी कापसाची कारणं देणारी मुलं असतात. त्याला म्हटलं, पाय अनवाणी ठेवतोस म्हणून असेल, बूट घालून दाब. तर म्हणतो, नारळ फोडलेल्या स्टेजवर चप्पल घालून चढायचं नसतं. हे मात्र त्याला बरोबर आठवतं.

त्याची बायको मालन मधेच म्हणाली, "वन्सं, परवा ह्यांची चप्पल जिन्यात सुटली. एका पायात चप्पल घालून नाक्यापर्यंत गेले. पानवाल्याने सांगितलं तेव्हा कळलं."

लहानपणीही तो असाच होता. दप्तर विसरून शाळेत जायचा.

२४ जून

मोरीत मुंग्या झाल्या आहेत, ओळीने. मालनला बोलले. मोरी रोज फिनेलने धुतली पाहिजे. ती म्हणाली, धुते मी, तरी येतात, हे रात्री उठून जातात ना तिथेच येतात. मी म्हटलं, मग दोनदा धू.

माठही दुपारीच रिकामा होतो. लवू पाणी पितच असतो. पावसाळ्यात इतकी तहान कसली? गुळाचा चहा बंद केला पाहिजे.

३ जुलै

लवूने डब्याच्या पुस्तकाची झेरॉक्स दिली. इंग्रजीत आहे म्हणून त्याने आजवर उघडलीसुद्धा नव्हती. मी दोन दिवस चष्मा लावून वाचली. छपाई वाईट, पण मजकूर सरळ आहे.

डब्याच्या पाठीमागे पाच भोकांचा एक गोल सॉकेट आहे. लवूला वाटायचं तो टेपरेकॉर्डरसाठी असेल. पुस्तकात त्याला मिडी म्हटलं आहे. त्याला दुसरं वाद्य वायरने जोडता येतं. वायरमधून सूर जात नाहीत, फक्त आकडे जातात. दुसऱ्या वाद्याने आकडा पाठवला की डबा तो नंबर लावतो. पाय लागत नाही.

म्हणजे चंदूच्या कीबोर्डवरून लवूच्या गिटारचा आवाज बदलता येईल. चंदूच्या कीबोर्डला असाच सॉकेट असला पाहिजे. निरोप पाठवला आहे.

पन्नास साली बी.एस्सी. झाले त्याचा आज उपयोग झाला असं वाटलं.

११ जुलै

घोडपदेवला चंदूच्या खोलीवर गेलो. मी, लवू आणि डबा. वायर लवूने लॅमिंग्टन रोडवरून आणली होती. कीबोर्डला सॉकेट होता, दोन होते. एक आकडे आत घेणारा, एक बाहेर पाठवणारा. पहिल्यांदा मी आत घेणाऱ्यालाच जोडलं आणि काहीच होईना.

चंदू पलंगावर बसून गंमत बघत होता. "बाई, शाळेतली घंटा पण तुम्हीच जोडायचात काय? म्हणून आमची सुट्टी लेट व्हायची."

"तू माझ्या शाळेत नव्हतास. असतास तर नीट बसायला शिकला असतास."

पाय खाली घेऊन बसला. वायर बदलली. चंदूने कीबोर्डवर बासरीचा नंबर लावला आणि त्याच क्षणी डब्यावरचा आकडा आपोआप बदलला. लवू डब्याकडे बघत राहिला. कुणी हात लावला नव्हता.

पण आकडा चुकीचा होता. बासरीसोबत साधा आवाज यायला हवा होता, आली करवत. व्हायोलिन लावलं, तर तिथेही शेजारचाच आवाज. सगळं एका घराने सरकलेलं. चंदू म्हणाला, जपानी माल आहे, आपल्याला नाय जमायचा. मी पुस्तक काढलं. कीबोर्ड एकापासून मोजतो आणि डबा शून्यापासून. दोघंही आपापल्या जागी बरोबर. डब्यात एक तक्ता भरता येतो, की अमका आकडा आला तर तमका आवाज लाव. मी तो भरला. त्यानंतर एकही चूक झाली नाही.

एक अडचण राहिली. चंदू दोन गाण्यांत बासरीच वाजवतो, पण त्या दोन गाण्यांत गिटारचे आवाज वेगळे हवेत. मी म्हटलं, बासरी दोन नंबरांवर साठव. एक या गाण्याची, एक त्या गाण्याची. चंदू डोकं खाजवत म्हणाला, "मानलं बाई. म्हणजे मी माझी बटणं दाबायची आणि ह्याचं आपोआप. मग ह्याने काय करायचं?"

"नुसतं वाजवायचं," मी म्हटलं.

"नुसतं वाजवायचं," लवू म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी हसताना दिसला.

येताना त्याने पायाची ती पट्टी चंदूकडेच ठेवली.

२९ जुलै

तीन तालमी झाल्या. सगळी गाणी बसली. चंदू आता दादरच्या मुलाचं नाव काढत नाही.

मालनने मात्र नवीन काढलं आहे. "वन्सं, ह्यांना एकदा डॉक्टरला दाखवूया. वजन उतरलंय. पँट दोरीने बांधतात."

मी विचारलं, दुखतं का कुठे? लवू म्हणाला, काहीच दुखत नाही. पाय? पायात तर अजिबात काही नाही. न दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे काय म्हणून न्यायचं? बटण चुकत होतं तोवर पायाचा प्रश्न होता. आता तोही उरला नाही. मालनला हे समजावून सांगितलं. ती भांडी घासत राहिली.

१९ ऑगस्ट

या आठवड्यात गणपती. चंदूच्या वहीत रोजचा कार्यक्रम आहे. लवू सकाळी बोटांचा सराव करतो आणि दुपारी झोपतो. झोप फार वाढली आहे. ताकद साठवतो म्हणाला.

२८ ऑगस्ट

काल पहिला मोठा कार्यक्रम झाला, आमच्याच गल्लीच्या मंडळाचा. मी पहिल्या रांगेत बसले होते, तक्त्याची प्रत हातात घेऊन.

स्टेज नेहमीसारखं, फळ्या ठोकून वर सतरंजी टाकलेली. लवू पूर्वी सारखा वाकायचा, पट्टी शोधायचा, या पायावरून त्या पायावर व्हायचा. काल तो एका जागी उभा राहिला तो शेवटपर्यंत. मान वर, डोळे समोर. पावलं जराही हलली नाहीत. विरहाचं गाणं आलं तेव्हा मी तक्त्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. चंदूने बासरी लावली आणि गिटारचा आवाज असा अलगद बदलला की शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. असा मी त्याला कधी पाहिला नव्हता. वडील असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं.

चंदू उतरल्यावर म्हणाला, "लवूशेठ, आज तुम्ही खांबासारखे उभे होतात. फोटो काढायला पाहिजे होता." आणि मला म्हणाला, "बाई, दिवाळीपर्यंतच्या सुपाऱ्या तुमच्या भावाच्या."

आज सकाळी जिन्यावर तांबडे ठसे दिसले, एकाच पावलाचे, आमच्या दारापर्यंत. कुणीतरी गुलालात पाय देऊन आलं असणार. सणासुदीला हे असंच. मालनला पुसायला सांगितलं.

३० ऑगस्ट

ठसे लवूचेच होते. आज मालनने त्याचा पाय धरून मला दाखवला. उजव्या टाचेला भोक पडलं आहे, करंगळी जाईल एवढं. कडेने काळसर. स्टेजच्या फळीतला खिळा सतरंजीतून वर आला होता आणि हा सगळा कार्यक्रम त्याच्यावर उभा होता.

"कळलं कसं नाही तुला?"

"नाय कळलं बाय."

"आणि काल वडाळ्याला पण तसाच उभा राहिलास?"

"वाजवत होतो ना."

मी ताबडतोब त्याला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन देववलं. गंजलेल्या खिळ्याला हेच करायचं असतं. डॉक्टरांनी जखम धुतली, पावडर घातली आणि लघवी तपासून घ्या म्हणाले, उद्याच. उद्या कॉटन ग्रीनचा कार्यक्रम आहे, परवा दुसरा. अनंत चतुर्दशीनंतर पहिलं काम तेच करू, असं ठरवलं. लवूही हो म्हणाला. आता सोडलं तर चंदू दुसरा माणूस घेईल आणि एकदा घेतला की तो सोडणार नाही. एवढं मालनला कळायला हवं.

ती म्हणाली, "ह्यांना बसून वाजवायला सांगा तरी."

ते मी चंदूला सांगितलं. त्याने स्टूल दिलं.

२ सप्टेंबर

खोलीत वास येतो. उंदीर मेला असेल म्हणून पलंगाखालून सगळं काढलं. काही सापडलं नाही.

कार्यक्रम उत्तम चालले आहेत. एकही नंबर चुकलेला नाही.

५ सप्टेंबर

काल विसर्जनानंतर लवू थंडीने कुडकुडायला लागला. चार पांघरुणं घातली. जखमेवरची पट्टी सोडली तेव्हा टाच आणि तिच्या पुढचा भाग काळा होता. वास तिथूनच येत होता. गल्लीतल्या चौघांनी खुर्चीत बसवून खाली नेलं. हॉस्पिटलात दाखल केलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, साखर कधीपासून आहे? मी म्हटलं, कुणाला? त्यांनी मग एकेक विचारलं. तहान? वजन? रात्री उठतात? पाय बधिर? प्रत्येकाला मालन हो म्हणत गेली. मी उभी होते.

९ सप्टेंबर

उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

१३ सप्टेंबर

लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी जेवणाचा डबा मी नेते, संध्याकाळी मालन नेते. शुद्धीत आल्यावर पहिलं वाक्य म्हणाला, "बाय, चंदूला सांग, बसून तर वाजवता येतं. पायाचं तर काहीच काम नाही." मी सांगते म्हटलं.

मालन माझ्याशी बोलत नाही. धक्का बसला असेल.

२० ऑक्टोबर

दिवाळी झाली. घरात कंदील लावला नाही. लवू परवा घरी आला. कुबड्या दिल्या आहेत, पण चाळीच्या जिन्याला त्या चालत नाहीत. चौघांनी उचलून वर आणला.

आज भाजी निवडताना मालन अचानक म्हणाली, "वन्सं, ह्यांचा पाय स्टेजवर चुकायचा ना, तेच बरं होतं. कुणीतरी कधीतरी विचारलं असतं, का चुकतो म्हणून."

मी सांगितलं, चुकत राहिला असता तर जूनमध्येच घरी बसला असता. ती उठून गेली. शेपू अर्धा तसाच पडला होता, तो मी निवडला.

२५ नोव्हेंबर

चंदू आला होता. मोसंबी घेऊन. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. लवूने गिटार मांडीवर घेऊन दोन चार तुकडे वाजवून दाखवले. बोटं पूर्वीसारखीच आहेत, हे मी स्वतः ऐकलं.

"एक नंबर," चंदू म्हणाला. मग मोसंबीच्या पिशवीकडे बघून, "लवू, वाईट वाटून घेऊ नको. तुला चार मजले उचलून आणायचं, टेम्पोत घालायचं, परत चढवायचं. रोजच्या रोज माणसं कुठून आणू? दादरचा पोरगा गणपतीनंतर उभा केलाय मी."

"बरं वाजवतो?" लवूने विचारलं.

"वाजवतो बरा. पण आवाज जमत नाही त्याला. गाणी तर तुझ्या आवाजांवर बसलीत. माझ्या कीबोर्डात नंबर पण तसेच भरलेत." तो माझ्याकडे वळला. "बाई, तो डबा जर मिळाला असता. त्यात सगळं लावलेलं आहे. त्याने गिटार जोडायची, वायर लावायची, की झालं."

मी म्हटलं, "डबा मिळणार नाही. तक्ता मी लवूसाठी भरला होता."

"बाय, देऊन टाक," लवू म्हणाला.

"अरे, तू बसून वाजवशील. तळमजल्याची जागा बघू. मी चंदूशी बोलते."

"दे गे. इथे पलंगाखाली ठेवून काय करायचं? वाजू दे तिथे तरी."

चंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं होतं की नाही कोण जाणे. मी डबा कापडात गुंडाळला. आत आणि बाहेरच्या सॉकेटची पुन्हा चूक होऊ नये म्हणून वायरच्या दोन्ही टोकांना दोरे बांधून दिले, एक लाल, एक काळा. त्या मुलाला नीट समजावून सांगायला सांगितलं. अर्धवट माहिती देऊन यंत्र पाठवणं मला पटत नाही.

चंदू गेल्यावर लवूने गिटारच्या तारा सैल केल्या.

८ जानेवारी १९९१

मालनने एका कॅटररकडे पोळ्या लाटायचं काम धरलं. पहाटे जाते. लवूचं इंजेक्शन मी देते. हात बसला आहे.

२७ जानेवारी

काल चाळीच्या पटांगणात सव्वीस जानेवारीची सत्यनारायणाची पूजा होती आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. चंदूचाच. मंडळाने लवूला समोर खुर्ची मांडली होती. तो आला नाही. गॅलरीतही बसला नाही. आत पलंगावर बसला, दार मात्र उघडं ठेवायला सांगितलं.

मी दारासमोर कठड्याशी उभी राहून ऐकलं. दादरचा मुलगा जेमतेम विशीतला, सारखा हलत होता, हसत होता. पायाशी काहीच नव्हतं. विरहाचं गाणं लागलं. चंदूने बासरी लावली आणि गिटारचा आवाज अलगद बदलला. अगदी त्याच जागी. खाली टाळ्या पडल्या. सगळ्या गाण्यांत एकही नंबर चुकला नाही. तक्ता बरोबर होता, हे मला आधीपासून माहीत होतं.

लवूला सांगायला आत वळले तर तो डोळे मिटून बसला होता आणि त्याची उजवी मांडी हलत होती. आवाज बदलायच्या जरा आधी, दर वेळी.

"काय करतोस?"

"दाबतोय."

"काय दाबतोस?"

"बटण. आता लागतंय गे बाय. अंगठा कुठे, टाच कुठे, सगळं कळतंय."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस, पडून राहा. डॉक्टरांना विचारलं पाहिजे, इंजेक्शनचा हा परिणाम असू शकतो.

मालन स्वयंपाक टाकून आली. पलंगाजवळ जमिनीवर बसली आणि लवूचा पाय जिथे टेकला असता तिथे तिने आपला तळहात उताणा ठेवला. लवूची मांडी हलली की ती हाताकडे बघायची. खाली गाणी चालूच होती.

फरशी गार होती. मी तिला चटई दिली, ती तिने घेतली नाही.